पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य

(पत्र पाच पानांचं होतं. ओळख पटेल असे तपशील गाळून थोडक्यात देते आहे.)

"ताई, आम्ही मुलुंडला भाड्याच्या वन बीएचकेत राहतो. मुलगी अडीच वर्षांची. मी फोर्टला एका बँकेत, नऊ वर्षं झाली. नवरा बीकेसीत. पगार दोघांचे साधारण सारखेच. माझे आई-बाबा ठाण्याला. आई रोज सकाळी येते, आम्ही परतलो की जाते. सासू-सासरे साताऱ्याला. आता नवऱ्याला पुण्याच्या हिंजवडी आयटी पार्कमधून ऑफर आली आहे, पगार सव्वापट. तीन आठवड्यांत कळवायचं आहे. वाकडला स्वतःचा टू बीएचके घेता येईल, मुंबईत ते स्वप्नच. सगळे म्हणतात, मुलं वाढवायला पुण्यासारखं शहर नाही. मोकळी हवा, चांगल्या शाळा, वर सातारा जवळ. मुंबईत मुलांना बालपणच नसतं म्हणे. मला मात्र रात्र रात्र झोप लागत नाही. मुलीच्या दृष्टीनं कोणतं शहर बरं, ते तुम्हीच सांगा. माझ्या नोकरीचं मी बघेन काहीतरी. मुलीचं भलं होणं महत्त्वाचं."

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती. शाळांबद्दल दीड पान आहे. सातारा किती तासांवर येईल यावर अर्धं पान. वाकडच्या फ्लॅटच्या बाल्कनीवर सात ओळी, त्यातल्या दोन तुळस कुठे ठेवायची यावर. आणि नऊ वर्षांच्या नोकरीबद्दल एक वाक्य, तेही शेवटून दुसरं: "माझ्या नोकरीचं मी बघेन काहीतरी." झोप कशामुळे उडाली आहे हे मला वाटतं तुम्हालाही माहीत आहे. पण ते लिहिलं तर आपण स्वार्थी ठरू, म्हणून पाच पानं मुलीच्या नावावर लिहिलीत.

म्हणून सुरुवात नोकरीपासूनच करते. पगार सारखेच आहेत, म्हणजे आज तुमच्या घरात दोन रुपये येतात असं धरू. नवऱ्याचा पगार सव्वापट झाला आणि तुमचा थांबला, तर येणार सव्वा रुपया. त्या सव्वा रुपयातून घराचा हप्ता जायचा आहे, त्याआधी मुद्रांक शुल्क भरायचं आहे (पुण्यात घराच्या किमतीवर सात टक्के, मुंबईत सहा), गाडी लागणार आहे आणि शाळेची फी आहे. "पगार वाढतोय" हे वाक्य तुमच्या घरात गेले पंधरा दिवस ऐकू येत असेल. वाढतोय तो नवऱ्याचा. घराची मिळकत वाढते की घटते, हे तुमच्या बँकेतल्या पुण्याच्या बदलीवर ठरणार आहे आणि त्याबद्दल तुम्ही "बघेन काहीतरी" एवढंच लिहिलंय. नवऱ्याची ऑफर लेखी आली आहे ना? मग तुमची बदलीही लेखी यायला हवी. साहेब तोंडी काय म्हणाले ते धरू नका. बदलीचा अर्ज याच आठवड्यात करा. पुण्याला जायचं नाही असं शेवटी ठरलं तरी अर्ज करून काही बिघडत नाही.

आता दोन शहरांकडे वळते. मी दोन्हीकडे मूल वाढवलं आहे. मुलगा सहा वर्षांचा होईपर्यंत घाटकोपर, पुढे पुणं. त्यामुळे दोन्हीकडचे लोक मला आपली मानत नाहीत, ते सोडा.

२६ जुलै २००५ ला मुलगा चार वर्षांचा होता आणि पाळणाघरात होता. सांताक्रूझला त्या एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, पुण्यात वर्षभरात पडतो त्यापेक्षा जास्त. मी फोर्टला अडकले. लोकल बंद, फोन बंद. घरी पोचले दुसऱ्या दिवशी दुपारी, अर्ध्याहून जास्त वाट चालून. पाळणाघराच्या काकूंनी पाच मुलं रात्रभर ठेवून घेतली होती. वरच्या मजल्यावरून गाद्या आल्या होत्या, समोरच्यांनी खिचडी पाठवली होती. मुलाला आज त्या दिवसाचं एवढंच आठवतं की रात्री अकरा वाजता चहात बुडवून बिस्किटं खायला मिळाली.

दोन वर्षांनी आम्ही पुण्याला आलो. घर मोठं, हवा छान, संध्याकाळी टेकडी. नोव्हेंबरातल्या एका स्वच्छ उन्हाच्या सकाळी अकरा वाजता शाळेतून फोन आला, ताप आहे, घेऊन जा. नवरा दौऱ्यावर होता. माझी मीटिंग सुरू होती. आणि फोनमधली नावं वरून खाली बघताना लक्षात आलं की या शहरात "जरा त्याला घेऊन येता का" असं ज्याला म्हणावं असा एकही माणूस माझ्याकडे नाही. मीटिंग सोडून गेले, त्याचं काही नाही. पण शाळेच्या ऑफिसमधल्या बाकावर तो स्वेटर घालून बसला होता, आणि मला बघून पहिलं विचारलं, "काकू कुठे आहेत?"

शहरांची तुलना करणारे हवा, रस्ते, शाळा आणि बागा मोजतात. ही माणसं त्यांच्या कोष्टकात नसतात, कारण ती आयती मिळत नाहीत, साठवावी लागतात. मला पुण्यात ती साठवायला दोन वर्षं लागली. मुलाच्या स्कूलबसच्या थांब्यावर उभ्या राहणाऱ्या चार आयांपासून सुरुवात झाली. त्यातल्या दोघी आजही माझ्या घराची किल्ली बाळगून आहेत. म्हणजे पुण्यात माणसं नाहीत असं मी म्हणत नाही. ती पहिल्या दिवशी नसतात. आणि तुमचा पहिला दिवस अडीच वर्षांच्या मुलीसोबत उगवणार आहे.

"पुणं मुलांसाठी चांगलं" म्हणणाऱ्यांना एकदा विचारा, कुठलं पुणं? त्यांच्या डोळ्यासमोर प्रभात रोडची सावली असते, संभाजी बाग असते, वेताळ टेकडी असते. तुम्ही जाणार वाकडला. ते पुणे महापालिकेत नाही, पिंपरी-चिंचवडमध्ये येतं. पाणी खडकवासल्याचं नाही, पवनेचं, आणि नोव्हेंबर २०१९ पासून पिंपरी-चिंचवडमध्ये दिवसाआड पाणी सुरू झालं ते वर्षानुवर्षं तसंच चाललं. स्वारगेटपर्यंत मेट्रो २०२४ मध्ये पोचली खरी, पण पिंपरीहून स्वारगेटला जाणाऱ्या त्या मार्गावर वाकड नाही. वाकड वाईट आहे असं मुळीच नाही. तिथे सोसायटीत शंभर मुलं असतात, खेळायला जागा असते, बहुतेक आईबाप तुमच्याच वयाचे आणि तुमच्यासारखेच कुठून तरी आलेले, त्यामुळे ओळखी लवकर होतात. पण ते सासूबाईंच्या मनातलं पुणं नव्हे. आणि संस्कारांची, भाषेची काळजी तुम्ही लिहिली आहे, तर वाकडच्या एखाद्या सोसायटीच्या बागेत संध्याकाळी तासभर बसा आणि मुलं कुठल्या भाषेत भांडतात ते ऐका. शाळेत मराठी शिकवणं तर २०२० च्या कायद्यानं राज्यभर सगळ्या बोर्डांना सक्तीचं आहे, त्यासाठी शहर बदलायची गरज नाही.

मुंबईत बालपण नसतं, हेही असंच पाठ केलेलं वाक्य. मुलुंडच्या मागे येऊरचे डोंगर आणि राष्ट्रीय उद्यान आहे, शंभराहून जास्त चौरस किलोमीटरचं जंगल. नाटकाला कालिदास नाट्यगृह आहे. मुलीला आजी रोज मिळते. हे बालपण नाही तर काय आहे? कमी काय आहे ते मात्र खरंच कमी आहे: जागा. वन बीएचकेत अडीच वर्षांचं मूल मावतं, सात वर्षांचं अभ्यासाला बसलं की मावत नाही. आणि तुम्ही दोघं दिवसातले अडीच-तीन तास गाडीत घालवता. ते मी सोसलं आहे, त्याचं कौतुक करणार नाही.

मग ठरवायचं कसं? मी ज्यांना ज्यांना सांगते त्यांना एकच काम सांगते. एक साधा मंगळवार लिहून काढा. रविवार नको, रविवारी सगळी शहरं सुंदर असतात. जुलैमधला मंगळवार घ्या. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत, मुलगी कुठे आहे आणि तिच्याजवळ कोण आहे, एवढंच लिहायचं. डबा कोण भरतं, सोडायला कोण जातं, साडेबाराला शाळा सुटली की पुढे काय, संध्याकाळी सहा ते आठ कोण. मुलुंडचा मंगळवार एका कागदावर, वाकडचा दुसऱ्यावर. मग दोन्हींत अकरा वाजता ताप आणा आणि बघा कोणाची मीटिंग मोडते.

हे तुम्ही दोघांनी वेगवेगळं लिहायचं. नवऱ्याला आधी लिहू द्या, तुमचा कागद दाखवू नका. पुष्कळ घरांत नवऱ्याच्या कागदावर दुपारच्या जागी "घरी" एवढंच लिहिलेलं सापडतं. घरी, पण कोणाबरोबर? तो वाईट माणूस असतो म्हणून नाही, त्याला खरंच कधी ते भरावं लागलेलं नसतं. तुमचा नवरा कसा आहे हे पत्रावरून कळत नाही. तुम्ही त्याच्याबद्दल जवळजवळ काहीच लिहिलेलं नाही, आणि हेही पेन्सिलीनं खूण करण्यासारखं वाटलं. ही नोकरी त्याला हवी आहे, की घरासाठी घ्यायलाच हवी असं त्याला वाटतंय? विचारून बघा. हिंजवडीला जायचा त्यालाही कंटाळा असू शकतो. अशी दोन माणसं मी पाहिली आहेत, जी एकमेकांसाठी म्हणून पुण्याला आली आणि तिसऱ्या वर्षी कळलं की यायचं कोणालाच नव्हतं.

वाकडचा कागद अंदाजानं भरू नका. दोघांनी एक दिवस रजा काढा आणि कामाच्या दिवशी जा. बिल्डर रविवारी सकाळी नेतो, तेव्हा रस्ता पंधरा मिनिटांचा असतो. तुम्ही संध्याकाळी साडेसहाला, ऑफर ज्या फेजमधल्या कंपनीची आहे तिच्या गेटपासून घड्याळ लावा. सोसायटीत शिरलात की सेल्सच्या मुलाला काही विचारू नका, वॉचमनला विचारा: दिवसाला टँकर किती येतात? मे महिन्यात किती येत होते? ज्यांच्याकडून फ्लॅट बघाल त्यांच्याकडे मेंटेनन्सचा हिशेब मागा, त्यात टँकरचा खर्च वेगळा दिसतो. मग पाळणाघर शोधा. किती वाजेपर्यंत ठेवतात, उशीर झाला तर काय करतात, आजारी मूल घेतात का, आणि मुलं दुपारी झोपतात त्या खोलीला खिडकी आहे का. शेवटचं मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. एका पाळणाघराची पुढची खोली कार्टूनच्या चित्रांनी भरलेली होती आणि मुलं झोपायची ती खोली म्हणजे माळ्याखालची अडगळ होती. मी दोन महिने पुढच्या खोलीतूनच परत येत होते.

शाळेची चिंता तुम्ही सगळ्यात जास्त केली आहे आणि मला ती सगळ्यात कमी वाटते. ३१ डिसेंबरला तीन वर्षं पूर्ण होत असतील तर नर्सरी, सहा होत असतील तर पहिली. हा नियम राज्याचा, दोन्ही शहरांत एकच. खासगी शाळांच्या नर्सरीचे फॉर्म आदल्या हिवाळ्यातच निघायला लागतात, एवढं ध्यानात ठेवा. पण नर्सरीत प्रवेश मिळाला नाही म्हणून कुठल्या मुलाचं नुकसान झालेलं मी पाहिलं नाही. बोर्डाचा वाद आत्ता घालू नका. पहिली-दुसरीपर्यंत या बोर्डातून त्या बोर्डात मूल सहज जातं, आठवीत जात नाही. तेव्हा शहर बदलायला तुमच्या हातात आणखी चार-पाच वर्षं निवांत आहेत. आत्ता नाही तर कधीच नाही, ही घाई ऑफरच्या तारखेची आहे. मुलीला तसली काही घाई नाही.

घराबद्दल मात्र मी हट्टी आहे. नव्या शहरात पहिल्या वर्षी घर विकत घेऊ नका. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार करा, तो नोंदणी केलेलाच असू द्या. महाराष्ट्रात तसा कायदाच आहे आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची आहे. भाडं म्हणजे पैसे वाया, असं तुमचे सासरे म्हणतील. म्हणू द्या. एका पावसाळ्यात आणि एका उन्हाळ्यात त्या भागात राहिलात की पाणी, रस्ता, शेजार आणि नोकरी या चारही गोष्टी कळतात. हप्ता सुरू झाल्यावर त्या कळल्या तर काही करता येत नाही. ऑफर बरोबर ठरली नाही तर भाड्याच्या घरातून महिन्याच्या नोटिशीवर निघता येतं.

"तो पुण्यात, आम्ही मुलुंडला, शनिवार-रविवार भेटू" हाही पर्याय तुम्ही लिहिलाय. सहा महिन्यांसाठी, आणि संपायची तारीख कॅलेंडरवर लिहून, चालेल. तारीख नसेल तर नको. अशी सोय एकदा बसली की ज्याच्याकडे मूल असतं त्याच्याच अंगवळणी पडते, आणि इथे ते कोणाकडे असणार हे उघड आहे. रोज ये-जा करणारेही आहेत. डेक्कन क्वीन १९३० पासून धावते आहे आणि तिच्यात पासवाल्यांची पिढ्यान् पिढ्यांची मंडळं आहेत. पण जायला तीन तासांच्या वर, यायला तेवढेच. त्या डब्यात रमीचा डाव मांडून बसलेल्यांच्या घरी मूल कोण सांभाळतं, हे कोणी विचारत नाही.

बदली लेखी मिळाली तर पुण्यातलं ऑफिस बघायला जा आणि पाळणाघराचं विचारा. पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यायला हवं, हे २०१७ च्या दुरुस्तीनं कायद्यात आलं. पुष्कळ ठिकाणी ते फक्त कागदावर असतं, तरी विचारावं. विचारणाऱ्या चारजणी झाल्या की कधीकधी सोय होते. आणि हाच प्रश्न नवऱ्यानंही नव्या कंपनीत विचारावा. मुलीला हिंजवडीच्या पाळणाघरात बाबानं नेलं तर तिथला चौकीदार काही अडवत नाही.

माझं मत विचारलंत, म्हणून सांगते. बदली लेखी हातात आली आणि मंगळवारचा वाकडचा कागद दोघांच्या नावांनी भरला गेला, तर जा. भाड्यानं, वर्षभरासाठी. बदली मिळत नसेल तर आत्ता जाऊ नका. सव्वापट पगारासाठी घरातला दुसरा पगार, रोजची आजी आणि तुमची झोप एवढं देणं मला महाग वाटतं. मुलुंडमध्येच थोडं मोठं घर भाड्यानं बघा, ठाण्याकडे सरकलात तर आईलाही बरं. ही ऑफर गेली तर दुसरी येईल. बीकेसीत नोकरी करणाऱ्या माणसाला येतात.

याच स्वरूपाची पत्रं मला बरीच येतात. नागपूर की पुणं, मुंबई की बंगळुरू, परदेशातून परत येऊन कुठे. त्या सगळ्यांनी शहरांच्या नावांऐवजी मंगळवारच लिहावा. राज्य बदलत असेल तर शाळेतल्या भाषेची चौकशी आधी करा. कर्नाटकात कन्नड शिकवणं २०१५ च्या कायद्यानं सक्तीचं आहे, म्हणजे पाचवीत जाणाऱ्या मुलाला ती मुळाक्षरांपासून उचलावी लागेल. तीन वर्षांच्या मुलाला त्याचं काहीच नाही, ते चार महिन्यांत खाली जाऊन कन्नडमध्ये भांडून येईल.

एक राहिलंच. पाच पानांत "आई आहेच" हे चार वेळा आलंय. ठाण्याहून मुलुंड, रोज सकाळी, पावसाळ्यातही, अडीच वर्षं. तुम्ही गेलात तर आईला वाईट वाटेल, असं तुम्ही धरलंय. राहिलात तर ती आणखी पाच वर्षं येईल, असंही धरलंय. तिला यातलं काही विचारलेलं पत्रात दिसलं नाही. कदाचित तिला नात सोडवणार नाही. कदाचित तिचे गुडघे दुखत असतील आणि ती बोलत नसेल. कदाचित पुण्याला महिन्यातून आठ दिवस राहायला येणं तिला रोजच्या रिक्षेपेक्षा आवडेल. मुलुंडचा कागद भरण्याआधी तिला फोन करा. बाबा जेवून झोपले की दुपारी करा, आणि स्पीकरवर ठेवू नका.